गुंजेचे विष, सोन्याचा रंग

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. महाराष्ट्रातल्या सराफांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या बीने सोने तोलले, तिच्या टणक लाल कवचाआड अ‍ॅब्रिन नावाचे प्रथिन असते. वनस्पतींनी घडवलेल्या सर्वांत जहाल विषांत त्याची गणना होते. अख्खी गिळलेली गुंज बहुधा पोटातून तशीच बाहेर पडते. चावली किंवा कुटली गेली तर जिवावर बेतते. या बीने इतकी वर्षे सोन्याचे वजन सांगितले. आता सोन्याचे कण तिच्यातल्या विषाचा पत्ता सांगू लागले आहेत. एकेक कण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढा होईल इतके सोने बारीक केले, की ते पिवळे राहत नाही. पाण्यात ते माणकासारखे लाल दिसते आणि कण एकमेकांना बिलगले की निळे-जांभळे होते. विष समोर आले की कण बिलगतील, किंवा बिलगायचे थांबतील, अशी योजना करता आली तर विष डोळ्यांना दिसते. हे पुस्तक त्या योजनेविषयी आहे.

ते लिहिले गेले पिंपळे सौदागरमध्ये. काही दशकांपूर्वी इथे शेते होती. आज उंच सोसायट्या आहेत आणि सकाळी कुणी हिंजवडीची वाट धरतो, कुणी भोसरी-चाकणची. विषारी वनस्पती म्हटले की इथल्या माणसाला सह्याद्रीचे जंगल आठवते. पण महामार्गाच्या दुभाजकावर फुललेली कण्हेर विषारीच असते. धूर सोसते, पाणी कमी मागते आणि जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणून तर ती तिथे लावतात. बागेच्या कुंपणाला पिवळी कण्हेर असते. तिच्या बिट्ट्या मुले खेळायला गोळा करतात. नदीकाठच्या पडीक जागेत एरंड, धोत्रा, रुई, घाणेरी माजलेली असते. कुंड्यांसाठी आणलेल्या एरंडीच्या पेंडीला कुत्रा तोंड लावतो, कारण तेल निघून गेले तरी रिसिन हे विष पेंडीतच राहते आणि नीट उष्णता दिली नसेल तर तिथे टिकते. शहराबाहेर पडले की शेताच्या बांधावर चंद्रज्योत. तिच्या बिया खाऊन शाळेतल्या मुलांना उलट्या झाल्याची बातमी महाराष्ट्राच्या कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यातून पुन्हा पुन्हा येते.

आपल्या परंपरेला हे ठाऊक नव्हते असे नाही. रसशास्त्राच्या ग्रंथांत उपविषांची यादी आहे. तिच्यात रुई, निवडुंग, कळलावी, कण्हेर, गुंज, धोत्रा, कुचला, बिब्बा, जमालगोटा यांची नावे येतात आणि यांतल्या बहुतेकांची औषधेही होतात. बचनाग तर शोधन केल्याशिवाय वापरायचाच नाही. गोमूत्रात किंवा दुधात भिजवणे, शिजवणे या क्रियांत त्यातले अ‍ॅकोनिटिन मोडते आणि पुष्कळ सौम्य रूपात उरते. औषध नियमांतल्या एका परिशिष्टात आजही या वनस्पतींची नावे नोंदलेली आहेत. शोधन पुरते झाले की नाही हे सांगणारी सोपी, स्वस्त चाचणी मात्र वैद्याच्या हाताशी कधी नव्हती. या विषयाकडे मी वळलो त्याचे हे एक मोठे कारण.

वनस्पतींचे विष शोधणे मुळातच अवघड. आर्सेनिक धातुसदृश मूलद्रव्य आहे. प्रेत जाळले तरी ते नाहीसे होत नाही आणि १८३६ मध्ये जेम्स मार्शने त्याची खात्रीची चाचणी दिली. वनस्पतिज विष हे कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजनचेच. माणसाचे शरीरही त्याच मूलद्रव्यांचे. त्यामुळे ते शरीरात मिसळले की हरवले, अशी १८५० पर्यंत भल्याभल्यांची समजूत होती. त्या वर्षी बेल्जियममध्ये काउंट बोकार्मेने मेव्हण्याला निकोटिन पाजून मारले आणि जाँ सेर्व्हे स्तास या रसायनशास्त्रज्ञाने मृताच्या अवयवांतून ते निकोटिन वेगळे करून दाखवले. आम्ल, अल्कली आणि ईथर यांच्या आळीपाळीने केलेल्या वापरावर उभी असलेली ती रीत पुढे स्तास-ओटो पद्धत म्हणून रूढ झाली. विष वेगळे काढल्यावर ते कोणते, हे ओळखायला रंगाचे अभिकर्मक आले. त्यांतला सर्वांत टिकाऊ ठरला तो डोर्पाट विद्यापीठाच्या ड्रागेनडॉर्फचा. अल्कलॉइड असले की नारिंगी. त्याच डोर्पाटमध्ये १८८८ साली हेर्मान श्टिलमार्कने एरंडाच्या बीतल्या विषाला रिसिन हे नाव दिले. तीन वर्षांनी पाउल एर्लिखने रिसिन आणि अ‍ॅब्रिन उंदरांना थोडे थोडे देत नेऊन त्यांच्यात प्रतिकारशक्ती निर्माण करून दाखवली. आज आपण ज्या प्रतिपिंडांवर चाचण्या उभ्या करतो, त्या शास्त्राच्या पायाशी एरंड आणि गुंज आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

एर्लिखच्या हाती अ‍ॅब्रिन पोचले त्याआधी गुंजेचा अभ्यास भारतात झाला होता. गुंजेच्या लगद्याची सुई करून ती गुरांच्या अंगात टोचायची, जनावर मेले की कातडे मिळवायचे, असे गुन्हे एकोणिसाव्या शतकात इतके होत की सरकारी रसायनतज्ज्ञांना त्यांची उकल करावी लागली. त्यातूनच कोलकात्यात वॉर्डन आणि वॅडेल यांनी १८८४ मध्ये गुंजेच्या विषावरचे संशोधन प्रसिद्ध केले. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात बसून सरकारचे रासायनिक विश्लेषक म्हणून काम करणाऱ्या आयझिडोर लायन यांनी न्यायवैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे १९२० मध्ये जयसिंग मोदींचा ग्रंथ आला आणि तो अजूनही सुधारित आवृत्त्यांतून वापरात आहे. प्रवाशांना धोत्रा घालून लुटणारे, कण्हेरीचे मूळ उगाळून घेणाऱ्या स्त्रिया, असा त्या काळचा समाज या ग्रंथांतून दिसतो. आजचे चित्र फार वेगळे नाही. संशयास्पद मृत्यू झाला की व्हिसेरा राखून ठेवतात, तो प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो आणि सी.ए. (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टची वाट पाहणे सुरू होते. तिथली यंत्रे उत्तम आहेत. द्रव-वर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटमापन यांच्या जोडीने एखाद्या विषाचा रेणू नेमका ओळखता येतो. पण हे ज्ञान मृत्यूनंतर, न्यायालयासाठी मिळते. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात आलेल्या मुलाने बिट्टी खाल्ली की चंद्रज्योत, या प्रश्नाला ते यंत्र उत्तर देत नाही. आणि उपचार त्या उत्तरावर अवलंबून असतात. पिवळ्या कण्हेरीचे विष हृदयाची लय बिघडवते. त्यावर डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाविरुद्धची प्रतिपिंडे चालतात हे श्रीलंकेतल्या चाचणीने २००० साली दाखवून दिले. मात्र ती महाग असल्याने ती कुणाला द्यायची हे आधी ठरवावे लागते. काही रुग्णालयांत डिगॉक्सिनची नेहमीची रक्तचाचणी करून पाहतात. तिच्यात कण्हेर उमटते, पण आकडा विश्वासाचा नसतो, कारण चाचणी मुळात दुसऱ्या रेणूसाठी घडवलेली आहे.

ही पोकळी भरायला सोने आले, असे मी म्हणणार नाही. ते वेगळ्याच वाटेने आले. १८५७ मध्ये मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या लाल द्रावणांवर व्याख्यान दिले. सोने त्यात अतिसूक्ष्म कणांच्या रूपात आहे हे त्याने ओळखले आणि मीठ टाकले की लाल रंग निळा होतो, हेही नोंदवले. आज जगभर चाललेल्या चाचण्यांचे बीज त्या एका निरीक्षणात आहे. १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी त्याचे गणित मांडले: प्रकाशाच्या लहरीबरोबर कणावरचे इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात, लहान कणांत ते हिरवा प्रकाश शोषतात आणि आपल्याला लाल दिसते. कण जवळ आले की त्यांचे झुलणे एकमेकांत गुंतते, शोषण तांबड्या बाजूला सरकते आणि डोळ्याला निळे दिसते. १९५१ मध्ये टर्केविच आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या क्षारात सायट्रेट घालून उकळण्याची सोपी कृती प्रमाणित केली आणि एकसारखे कण कुणालाही करता येऊ लागले. १९७१ मध्ये फॉक आणि टेलर यांनी या कणांवर प्रतिपिंडे बसवली. त्यानंतर पट्टीवरची चाचणी ही काही वर्षांची गोष्ट होती. औषधाच्या दुकानातून आणलेल्या गर्भधारणेच्या बहुतेक पट्ट्यांवर उमटणारी गुलाबी-जांभळी रेघ म्हणजे सोनेच. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या ‘कोव्हीसेल्फ’ या करोनाच्या घरगुती चाचणीला मान्यता मिळाली आणि नाकात काडी घालून पट्टी वाचणे घराघरात पोचले. एका पट्टीत सोने लागते ते मिलिग्रॅमच्याही अंशाएवढे, तेव्हा सोन्याच्या भावाची चिंता इथे करू नये. पैसा लागतो तो प्रतिपिंडांना.

या क्षेत्रात शिरणाऱ्याने तीन वाटा ओळखाव्यात. पहिली द्रावणाची. १९९६ मध्ये मिर्किनच्या गटाने डीएनएच्या दुव्यांनी सोन्याचे कण एकत्र आणले आणि या वाटेला वेग आला. आपल्या विषयासाठी अधिक मोलाचे काम २००१ मध्ये जपानमध्ये ओत्सुका, नागासाकी, काताओका आदींनी केले. एरंडाच्या बीत रिसिनचे एक भावंड असते, शर्करेला धरून बसणारे प्रथिन. त्याला शर्करा धरण्याच्या दोन जागा असतात. या संशोधकांनी सोन्याच्या कणांवर शर्करेची टोके असलेल्या साखळ्या बसवल्या. प्रथिन आले की ते एका हाताने एक कण, दुसऱ्या हाताने दुसरा कण धरते आणि लाल द्रावण जांभळे होते. मग त्यांनी सुटी शर्करा घातली, प्रथिनाने कण सोडले आणि रंग परत लाल झाला. हा प्रयोग मला फार आवडतो. विष पेशीत शिरायला जी पकड वापरते, तिच्याच जोरावर इथे ते पकडले जाते. प्रतिपिंड लागत नाही. नॉरिचच्या शास्त्रज्ञांनी पुढे शर्करेची मांडणी सुधारून ही चाचणी अधिक तीक्ष्ण केली.

दुसरी वाट पट्टीची. तिच्यात एक गोष्ट नवख्याला हमखास चकवते. रिसिनसारखे प्रथिन मोठे असते, त्याला दोन प्रतिपिंडे एकाच वेळी धरू शकतात. एक सोन्यावर, एक पट्टीवर. रेघ उमटली म्हणजे विष आहे. धोत्र्यातले अ‍ॅट्रोपिन, कळलावीतले कोल्चिसिन, बचनागातले अ‍ॅकोनिटिन हे रेणू चिमुकले आहेत. त्यांवर दोन प्रतिपिंडांना जागाच नसते. म्हणून तिथे स्पर्धा लावतात: पट्टीवर तोच रेणू आधी बसवून ठेवतात आणि नमुन्यातल्या विषाने सोन्याची जागा अडवली तर रेघ उमटत नाही. म्हणजे रेघ दिसली तर नमुन्यात विष नाही, किंवा पट्टीच्या टप्प्यापेक्षा कमी आहे. रेघ गायब झाली तर विष आहे. करोनाची पट्टी वाचण्याची सवय झालेल्या माणसाच्या हातात अशी पट्टी दिली आणि नीट सांगितले नाही, तर तो नेमका उलटा अर्थ घेईल. धोत्र्याची किंवा बचनागाची पट्टी बाजारात आणू पाहणाऱ्याने तिच्या रसायनाइतकाच विचार तिच्यावर छापायच्या चार ओळींचा करायला हवा.

तिसरी वाट कमी चालली गेलेली, पण महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला जवळची. कोवळी किंवा पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाल्ली की जनावराला किराळ लागते. पाने चावली जाताच त्यांतल्या धुरिन नावाच्या संयुगातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते आणि जनावर थोड्याच वेळात कोसळते. फुलोऱ्याआधी ज्वारी घालू नये हे जुन्या माणसांना माहीत असते. दुष्काळी साली चाराच नसला की ते ज्ञान बाजूला राहते. सायनाइड सोने विरघळवते, खाणीत दगडातून सोने काढायला तेच वापरतात. म्हणून चाऱ्यातून सुटलेल्या सायनाइडने सोन्याचे लाल द्रावण फिके पडत जाते. अर्थात पिक्रेटचा पिवळा कागद विटकरी होण्याची जुनी चाचणी हेच काम जवळजवळ फुकटात करते. कमी प्रमाण टिपायचे नसेल तर मी शेतकऱ्याला तो कागदच सुचवीन. नवे आहे म्हणून चांगले, हा हट्ट या पुस्तकाला मान्य नाही.

आता खरी अडचण. सोन्याला रंग बदलायला विषच हवे असे नाही. फॅरडेला ते मिठाने साधले होते. आमटी, रक्त, लघवी या सगळ्यांत मीठ असते. आम्ल, प्रथिने, चहातले टॅनिन हे सगळे सोन्याच्या कणांशी खेळतात. याचा सर्वांत सुंदर पुरावा पिंपळे सौदागरहून औंध ओलांडले की लागणाऱ्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून आला आहे. तिथे मुरली शास्त्री यांच्या गटाने या शतकाच्या सुरुवातीला जिरॅनियमची पाने, कडुनिंबाची पाने यांच्या काढ्यात सोन्याचा क्षार टाकून सोन्याचे कण घडवले. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये त्यांनी गवती चहाच्या अर्कात तयार झालेले सोन्याचे चपटे त्रिकोण दाखवले. पानांतली द्रव्येच सोने घडवतात, त्याला आकार देतात, त्यावर बसून त्याला स्थिर ठेवतात. जगभर त्या कामाकडे हरित रसायनाचा नमुना म्हणून पाहिले गेले. विष शोधणाऱ्याने मात्र त्यात एक इशारा वाचावा: वनस्पतीचा कुठलाही अर्क सोन्याला स्वस्थ बसू देत नाही. कण्हेरीच्या पानाचा रस घातला आणि रंग बदलला, एवढ्याने कण्हेरीचे विष सापडले असे म्हणता येत नाही. तीच क्रिया जास्वंदीच्या रसाने होते का, पालकाच्या होते का, विष काढून टाकलेल्या त्याच रसाने होते का, हे विचारावे लागते. स्तासने १८५० मध्ये विष वेगळे करण्यावर घालवलेला वेळ सोन्याने वाचवलेला नाही. तो फक्त चाचणीच्या आतल्या बाजूला ढकलला आहे. या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मी आधी रंगाचे छायाचित्र बघत नाही. नमुना शुद्ध पाण्यातला होता की रक्तातला, हे बघतो.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. विदर्भातल्या लाखोळी डाळीत ओडॅप नावाचे मज्जाविष असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी १९६४ मध्ये ते वेगळे करून दाखवले. दुष्काळात महिनोन्‌महिने तीच डाळ खाणाऱ्यांचे पाय लुळे पडत. १९६१ मध्ये विक्रीवर बंदी आली. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी ती उठवण्यासाठी दीर्घकाळ आंदोलन केले. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाण तयार झाले. इथे ‘विष आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही, ते थोडेफार असतेच. किती आहे, आणि माणूस ते किती दिवस, बाकी काय खाऊन, खाणार आहे, हा प्रश्न आहे. हो किंवा नाही सांगणारी रेघ अशा वादात निकाल देऊ शकत नाही, उलट भीती वाढवू शकते. किराळीचेही तसेच. म्हणून रंगाची छटा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजून आकडा काढण्याचे प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात, जरी दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली ते अजून अडखळत असले तरी.

हे सारे वाचल्यावर वाचक विचारील, मग बिट्टीची पट्टी दुकानात का नाही? माझे उत्तर सरळ आहे. संशोधन तिकडे जाते जिकडे पैसा असतो, आणि वनस्पतिज विषांच्या बाबतीत पैसा लष्करी भीतीने आणला. १९७८ मध्ये लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गिऑर्गी मार्कोव्ह यांच्या पायात रिसिनची गोळी मारली गेली. १९९७ मध्ये अमलात आलेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारात रिसिनला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. २००१ मधल्या अँथ्रॅक्सच्या पत्रांनंतर श्रीमंत देशांनी जैविक दहशतवादाविरुद्ध तिजोऱ्या उघडल्या. आपल्याकडेही ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत रिसिन-अ‍ॅब्रिनच्या शोधचाचण्यांवर काम झाले. ते सगळे आवश्यक होते. पण रिसिनने माणूस मारण्याच्या घटना जगात मोजक्या आहेत, आणि पिवळ्या कण्हेरीने जीव देणारे दक्षिण आशियात दर वर्षी किती तरी. ज्यांना हे विष भेटते त्यांच्या हाती संशोधनाची तिजोरी नाही. म्हणून रिसिनवर शोधनिबंधांचा ढीग आहे आणि पिवळ्या कण्हेरीच्या थिव्हेटिनवर, चंद्रज्योतीच्या कर्सिनवर मोजके.

हे बदलायला लागणारी सामग्री या परिसरात आहे, आणि म्हणून हे पुस्तक मराठीत, इथल्या वाचकासाठी आहे. कणांचे रसायन पाषाणला आहे, नॅनोजीवशास्त्राचा विभाग आघारकर संशोधन संस्थेत आहे, वनस्पती नेमकी ओळखून देणारे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यातच आहे. भोसरी-चाकणच्या गाळ्यांत साचे घडवणारे आणि प्लास्टिकचे सुटे भाग ओतणारे कारागीर पट्टीचे आवरण सहज करू शकतात. ही माणसे एकमेकांची भाषा बोलत नाहीत. रसायनशास्त्रज्ञाला आर्द्र पावसाळ्यात पट्टी किती दिवस टिकते हा प्रश्न दुय्यम वाटतो, उत्पादकाला तोच पहिला वाटतो, आणि आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला दोघांनीही अजून काही विचारलेले नसते. पुढच्या पानांत मी या तिघांना एकमेकांचे प्रश्न समजावेत अशा रीतीने लिहिले आहे. महाविद्यालयातला शिक्षक आणि न्यायसहायक प्रयोगशाळेतला नवा कर्मचारीही डोळ्यांसमोर आहेत. रसायनाची समीकरणे लागतील तेवढीच आहेत. फसलेल्या चाचण्यांची कारणे मात्र सविस्तर आहेत, कारण यशाच्या गोष्टी इतरत्र मिळतात.

एक गोष्ट मुद्दाम गाळली आहे. कुठल्याही वनस्पतीतून विष वेगळे काढण्याची कृती या पुस्तकात नाही. रंगबदलाचे जे प्रयोग दिले आहेत ते मीठ, साखर, चहा, लिंबू यांवर भागतात आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचे आहेत. घरी कण्हेर कुटून बघू नका.

आणि मुलाने बी खाल्ली असा नुसता संशय आला तरी कुठल्याही चाचणीसाठी थांबू नका. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. पिंपरी-चिंचवडमध्ये असाल तर संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. जाताना उरलेली बी, पान, फळ, जे हाती लागेल ते पिशवीत घालून बरोबर न्या. किती वाजता खाल्ले ते कागदावर लिहून घ्या. डॉक्टरांना आज तरी त्याहून उपयोगी माहिती कुठली पट्टी देऊ शकत नाही.